स्लॅबच्या दिवशी बॅगा कोणी मोजायच्या?

"उद्या आमच्याकडे स्लॅब पडणार आहे, या बरं!" असे आमंत्रण आपल्या वऱ्हाडात मोठ्या आनंदाने दिले जाते. बाहेरगावच्या माणसाने ऐकले तर तो घाबरूनच जाईल. आमच्या बाबतीत मात्र या वाक्याचे दोन्ही अर्थ खरे ठरले. २०१४ च्या मे महिन्यात बडनेऱ्याच्या आमच्या लहानशा प्लॉटवर स्लॅब पडला, आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यापासून तोच स्लॅब पोपड्या-पोपड्यांनी खाली पडू लागला. एके रात्री पोरगा जिथे झोपत असे तिथेच हाताएवढे ढेकूळ कोसळले. तो त्या दिवशी आजीजवळ झोपला होता म्हणून निभावले.

आम्ही पेशाने कारकून. दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासायची, बेरीज एका रुपयाने चुकली तरी कागद परत पाठवायचा. बी.कॉम.ची पदवी आहे, वस्तीत चार लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. आणि स्वतःचे घर बांधताना, भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि सौभाग्यवतीच्या अंगावरचे मोडलेले दागिने यांचा हिशेब आम्ही एका शब्दावर ठेकेदाराच्या हाती सोपवला. ठेकेदार ओळखीचा होता, हेच त्याचे कारण. लिहून काही घेतले नाही. विचारायला गेलो की तो म्हणे, "साहेब, तुमी काऊन टेन्शन घेता? आपलंच घर समजा ना." घर आमचेच होते, पण हे त्याने आम्हाला सांगावे असे आमचे वागणे होते.

स्लॅबच्या दुसऱ्या दिवशी पोराने रिकाम्या बॅगा मोजल्या. रद्दीवाल्याला विकून त्याला क्रिकेटची बॅट घ्यायची होती. "बाबा, छत्तीस निघाल्या," तो म्हणाला. आम्ही हसून सोडून दिले. बिलात मात्र साठ बॅगा लागल्या होत्या, आणि तेही आम्ही वाचले ते स्लॅब गळू लागल्यावर.

छत्तीस बॅगांचा अर्थ काय, हा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे. आमचा स्लॅब ५०० चौरस फुटांचा आणि पाच इंच जाडीचा. म्हणजे सुमारे २०८ घनफूट, अर्थात जवळपास ५.९ घनमीटर काँक्रीट. साध्या घराच्या स्लॅबला कमीत कमी ज्या दर्जाचे काँक्रीट लागते त्याला एम-२० म्हणतात. त्याचे ढोबळ प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग रेती आणि तीन भाग गिट्टी असे असते. एका घनमीटरला सुमारे आठ बॅगा लागतात. म्हणजे नुसत्या स्लॅबलाच सत्तेचाळीस बॅगा हव्या होत्या, बीम वेगळे. आमच्याकडे स्लॅब आणि बीम मिळून छत्तीसच गेल्या. तो ठेकेदार वाईट माणूस होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही न मोजणारे गिऱ्हाईक होतो, आणि न मोजणाऱ्या गिऱ्हाइकाकडे जे होते तेच झाले.

त्यानंतर वस्तीत कोणाचे घर निघाले की लोक आम्हाला बोलावू लागले. आम्ही अभियंते नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. नकाशा आणि लोखंडाचा तपशील परवानाधारक अभियंत्याकडूनच घ्यावा, त्याचे पैसे वाचवू नयेत. पण अभियंता रोज साईटवर उभा राहत नाही. तिथे उभे राहतो आपण, आपली म्हातारी आई किंवा घरातली बाई. तेव्हा त्यांनाही कळले पाहिजे.

आपल्या भागातील पहिला प्रश्न मातीचा. बडनेरा, भातकुली, दर्यापूर, तिकडे अकोल्यापर्यंत काळी माती. कपाशीला ही माती सोन्यासारखी, घराला मात्र वैरीण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया टाकला की घर दरवर्षी थोडे वर-खाली होते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ठेकेदार चार फूट खणून "झालं" म्हणाला तर खड्ड्यात उतरून पाहा. खाली मुरूम लागला आहे की अजून काळीच आहे? मुरूम लागेपर्यंत खणावे. तो फारच खोल असेल तर अभियंत्याला विचारून खालच्या टोकाला फुगवटा असलेल्या पाइलचा पाया घ्यावा. काळ्या मातीसाठीच ही पद्धत आहे. जोत्याच्या पातळीवर सगळे कॉलम बीमने बांधून घ्यावेत. आणि जोत्यात भरावा मुरुमाचा टाकावा. खणलेली काळी माती तिथेच परत ढकलणारे ठेकेदार आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. फरशी दोन वर्षांत उखळते, मग दोष फरशीवाल्याला!

पाण्याचेही तसेच. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला ठाऊकच आहे. त्या भागातल्या विहिरी-बोअरचे खारे पाणी पिण्यास जसे वाईट तसे लोखंडालाही. काँक्रीटमध्ये गेलेला क्षार आतल्या आत सळई गंजवतो, गंजलेली सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. तोंडाला खारट लागणारे पाणी वापरूच नये, नळाचे किंवा गोड्या विहिरीचे साठवून ठेवावे. त्या भागातल्या लोकांना टँकर महाग वाटतो. दहा वर्षांनी स्लॅब तोडून टाकणे त्याहून महाग पडते.

आता ठेकेदार निवडण्याबद्दल. त्याने बांधलेली दोन घरे पाहावीत, पण नवी नकोत. ज्यांनी निदान तीन पावसाळे काढले आहेत अशी पाहावीत, आणि घरमालकाच्या बायकोला विचारावे की छत कुठे गळते. पुरुष मंडळी ठेकेदाराची भीड धरतात, बायका खरे बोलतात. तीन ठिकाणचे भाव घ्यावेत. भाव सांगताना "चौरस फुटाला इतके" एवढेच सांगतात, पण चौरस फूट कशाचे? छज्जा, जिना, बाल्कनी, पाण्याची टाकी धरून की सोडून? नुसती मजुरी की मटेरियलसह? सेंट्रिंग कोणाचे, मिक्सर आणि व्हायब्रेटर कोणाचे, विजेचे बिल कोणाचे? पुढे होणारी बहुतेक भांडणे या पाच-सहा प्रश्नांतच दडलेली असतात. आमच्या मते जमेल त्याने मजुरीचा ठेका द्यावा आणि माल स्वतः आणावा. धावपळ होते, पण बिल आपल्या नावावर राहते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो आपल्या बिलात उतरला की नाही हेही मग पाहता येते.

करार कागदावर हवाच. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात शंभराऐवजी किमान पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. तेवढा खर्च करावा. त्यात सिमेंटचा प्रकार, लोखंडाचा दर्जा, काँक्रीटचे प्रमाण, स्लॅबची जाडी, मुदत, आणि कोणत्या टप्प्याला किती पैसे हे लिहावे. पैसे कामाच्या मागून जावेत, पुढे जाऊ नयेत. पाया झाला, दिले. जोते झाले, दिले. आणि शेवटची पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावी, हेही आधीच लिहून घ्यावे. पैसे बँकेतून किंवा मोबाईलवरून द्यावेत. रोख द्यावेच लागले तर वहीत सही घ्यावी.

हे सारे आम्ही एका मावशीच्या घरावरून शिकलो. रमाई आवास योजनेतून तिला घरकुल मंजूर झाले, २६९ चौरस फुटांचे. या योजनेचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, काम तेवढे वर आलेले दिसल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. मावशीने पहिला हप्ता आला तसा पूर्ण ठेकेदाराला दिला, वर बचत गटातून कर्ज काढून आणखी दिले. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि ठेकेदार दुसऱ्या कामाला निघून गेला. काम वर येत नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून ठेकेदार नाही. दोन पावसाळे मावशी ताडपत्रीखाली राहिली. आम्ही चार जण त्याच्या दारात जाऊन बसलो तेव्हा तो म्हणाला, "कागद दाखवा." कागद नव्हता. शेवटी वस्तीतल्या पोरांनी श्रमदानाने भिंती उचलल्या तेव्हा पुढचा हप्ता आला. घरकुलाचे लाभार्थी सर्वांत गरीब असतात आणि करार नेमका त्यांच्याकडेच नसतो. ज्यांना लिहिता येते त्यांनी त्यांना तो लिहून द्यावा.

लोखंडाचा एक सोपा हिशेब आहे, तो आमच्या सौभाग्यवतीच्याही तोंडपाठ झाला आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि १६२ ने भागा. एका मीटरचे वजन किलोत मिळते. ८ मिलिमीटरची सळई मीटरला ०.३९५ किलो, १० ची ०.६१७, १२ ची ०.८८८, १६ ची १.५८. म्हणजे १२ मिलिमीटरची बारा मीटर लांब सळई सुमारे १०.६६ किलो भरली पाहिजे. थोडा फरक मानकातही चालतो, पण साडेनऊ किलो भरली तर ती १२ ची नाहीच. दोन-चार सळया काट्यावर टाकून पाहायला दुकानदार नाही म्हणू लागला, तर दुकान बदलावे.

लोखंड बांधून झाले की स्लॅबच्या आदल्या दिवशी अभियंत्याला बोलवावे आणि त्याने पाहिल्याशिवाय काँक्रीट चढवू देऊ नये. सळईखाली कव्हर ब्लॉक हवेत. स्लॅबला २० मिलिमीटर, कॉलमला ४०, फुटिंगला ५० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सळईवर राहिले पाहिजे. गिट्टीचे खडे सारून हे भागवतात, आणि पाय पडला की खडा निसटतो. आमच्या घरी नेमके हेच झाले होते. छताचा तुकडा पडला तिथे सळई जवळजवळ पाटीला टेकलेली निघाली.

छज्जा आणि बाल्कनीकडे तर विशेष लक्ष हवे. स्लॅबमध्ये दोन भिंतींच्या मध्ये मुख्य लोखंड खालून असते. पण भिंतीबाहेर लोंबकळणाऱ्या छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिथे मुख्य लोखंड वरून जावे लागते आणि आत स्लॅबमध्ये पुरेसे लांब शिरावे लागते. नवखा कारागीर ते खाली बांधतो, किंवा बांधतो बरोबर आणि घमेली घेऊन जाणारे मजूर त्यावर चालून ते दाबून टाकतात. वरून काही दिसत नाही. सेंट्रिंग काढल्यावर छज्जा खाली येतो, कधी काढणाऱ्याच्या अंगावर. तेव्हा छज्ज्याच्या लोखंडावर फळी टाकल्याशिवाय कोणाला चालू देऊ नये.

सिमेंटच्या बॅगेवर आयएसआय चिन्ह आणि तयार केल्याचा आठवडा-महिना पाहावा. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. बॅगा जमिनीला आणि भिंतीला टेकवून ठेवू नयेत. रेतीची परीक्षा घरच्या काचेच्या बरणीत होते. अर्धी बरणी रेती, त्यावर पाणी, चिमूटभर मीठ, हलवा आणि काही तास ठेवा. रेतीवर गाळाचा थर बसतो. शंभरात आठ भागांहून जास्त असेल तर रेती धुऊन घ्यावी किंवा परत करावी.

आणि पाणी! सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि त्यात कोणाची चोरीही नसते. काँक्रीट पातळ असले की सरकवायला सोपे, मजूर लवकर मोकळे, म्हणून मिक्सरवाला पाइप सोडून देतो. एम-२० च्या साध्या प्रमाणात एका बॅगेला तीस लिटरपेक्षा जास्त पाणी नको, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहूनही कमी. जास्तीचे पाणी वाळून जाते आणि आपल्या जागी पोकळी सोडते, त्याच पोकळीतून पुढे पावसाचे पाणी झिरपते. मिक्सरजवळ पाइप ठेवूच नये, बादल्या ठेवाव्यात. कोरडे काँक्रीट नीट बसवायला व्हायब्रेटर लागतो, तो आदल्या दिवशी सुरू करून पाहावा. आमच्या स्लॅबच्या दिवशी तो "आत्ता आणतो" म्हणून आणायला गेलेला माणूस संध्याकाळी परत आला.

एकदा सुरू केलेला स्लॅब मधेच थांबवू नये. मजुरांचे जेवण आळीपाळीने करावे. जेवणाच्या सुटीत घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू देऊ नये. घमेली वाहणाऱ्यांत आपल्याच वस्तीच्या आया-बहिणी असतात. त्यांना सावली आणि प्यायला पाणी हे घरमालकाने पाहावे, ठेकेदारावर सोडू नये. कोणी पडले-झडले तर खर्च कोणाचा, हेही करारात असावे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबणाऱ्या मजुराची इमारत बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी होते. ज्यांची नसेल त्यांचे अर्ज आम्ही भरून देतो, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

तराईची गोष्ट राहिली. मानक सांगते की साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा उष्ण व कोरडी असेल तर किमान दहा दिवस काँक्रीट ओले राहिले पाहिजे, मिश्र सिमेंटला चौदा दिवस राहिले तर उत्तम. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. दुपारी मारलेले पाणी अर्ध्या तासात उडते. म्हणून स्लॅबवर मातीच्या किंवा सिमेंटच्या आळ्या करून पाणी कोंडावे, कॉलमला पोते गुंडाळून भिजते ठेवावे. नळ एक दिवसाआड येत असेल तर आधी टाकी करावी, मग स्लॅब. होत असेल तर मे महिना टाळावाच. आम्ही टाळला नाही, कारण सुट्ट्या तेव्हाच होत्या.

ठेकेदाराला सेंट्रिंग काढण्याची घाई असते. प्लेटा भाड्याच्या असतात आणि दुसरी साईट थांबलेली असते. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके सात दिवसांआधी आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांआधी काढू नयेत. वीस फुटांपर्यंतच्या बीमचे चौदा, त्याहून मोठ्याचे एकवीस दिवस. ही कमीत कमी मुदत आहे, मिश्र सिमेंटला आणि थंडीत जास्त द्यावी. शंका असेल तर स्लॅबच्या वेळीच १५० मिलिमीटरचे सहा ठोकळे भरून ठेवावेत आणि २८ दिवसांनी दाबून पाहावेत. ठोकळे दाबण्याची यंत्रे अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या स्थापत्य विभागात असतात. अमरावतीला शासकीय महाविद्यालय आहे, आपल्या बडनेऱ्यातही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शुल्क विचारून यावे.

हे सारे करूनही कोणी फसवले तर? रेरा कायदा आहे ना, असे लोक म्हणतात. तो फ्लॅट आणि प्लॉट विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे, आपल्या प्लॉटवर आपण नेमलेल्या ठेकेदाराला तो लागू होत नाही. त्याच्यासाठी ग्राहक संरक्षण कायदा आहे. घरबांधणी ही सेवा आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची. आम्ही स्लॅब पाहत, चुकचुकत, "ओळखीचा माणूस आहे" म्हणत तीन वर्षे काढली आणि मुदत घालवून बसलो. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण तक्रारीला जोडायला करार, बिले आणि फोटो लागतात. लोखंड बांधलेले असताना काढलेला फोटो काँक्रीटच्या आतले सांगतो, तो आधीच काढून ठेवावा.

महाडला २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत पत्त्यासारखी कोसळून सोळा माणसे गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. आपली घरे एकमजली, म्हणून आपण निर्धास्त असतो. पोराच्या उशाशी पडलेले ते ढेकूळ आम्ही काट्यावर ठेवून पाहिले होते. साडेतीन किलो भरले.

मागच्या हिवाळ्यात धाकट्या भावाने घर काढले. ६०० चौरस फुटांचा स्लॅब. अभियंत्याने बीमसह सत्तर बॅगांचा अंदाज दिला होता. सौभाग्यवती सकाळी सातला मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसली. हातात कोळसा, बॅग फुटली की भिंतीवर एक रेघ, पाच रेघांचा एक जुडगा. शेजारी दोन बादल्या. मिस्त्री आधी रागावला. "वहिनी, आमच्यावर भरोसा नाई का?" ती म्हणाली, "आहे ना भाऊ, म्हणूनच तर चहा ठेवलाय." दुपारपर्यंत त्याचा राग गेला. संध्याकाळी शेवटचे घमेले वर गेल्यावर तोच खालून ओरडला, "वहिनी, माह्या हिशेबानं बाहत्तर. तुमच्या?"

तिने रेघा पुन्हा मोजल्या. बाहत्तरच होत्या.